तेराव्या वर्षी दोन भाकऱ्या : मेक्सिकोतील किशोरवयीनांचे पोषण आणि त्यांचा समाज



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की मेक्सिकोतल्या मुलांच्या वजन-उंचीशी आपला काय संबंध. संबंध आहे, आणि तो ओघात येईलच. दुसरा प्रश्न असा, की हा तर डॉक्टरांचा विषय. तो तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने का मांडावा? माझं उत्तर असं, की मुलाचं वजन डॉक्टर करतो, पण त्या वजनाचा अर्थ लावताना आपण सगळेच कुणाला तरी जबाबदार धरत असतो. कुणी आईला धरतो, कुणी मुलाला, कुणी सरकारला. जबाबदारी कुणावर टाकायची हा प्रश्न काही वजनकाट्यावर सुटत नाही. त्यासाठी इतिहासात जावं लागतं.

तर सुरुवात एका हस्तलिखितापासून करू. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात 'कोडेक्स मेंदोसा' नावाचा एक चित्रमय ग्रंथ आहे. स्पॅनिश लोकांनी अझ्टेक राज्य जिंकलं १५२१ साली, आणि त्यानंतर साधारण वीस वर्षांनी तिथल्याच चित्रकारांनी हा ग्रंथ तयार केला. त्याच्या शेवटच्या भागात मुलांचं संगोपन वर्षावर्षाने दाखवलं आहे. एका बाजूला बाप आणि मुलगा, दुसऱ्या बाजूला आई आणि मुलगी. प्रत्येक मुलाजवळ निळ्या ठिपक्यांनी त्याचं वय, आणि शेजारी त्याच्या वाट्याची भाकरी. तीन वर्षांच्या मुलाला अर्धी. चार आणि पाच वर्षांच्याला एक. सहाव्या वर्षापासून दीड. आणि तेराव्या वर्षी दोन.

आता बघा, तेराव्या वर्षी वाटा वाढतो तेव्हा चित्रात काय आहे? मुलगा होडीतून लव्हाळे वाहून आणतो आहे. मुलगी दगडी पाट्यावर मका वाटून भाकऱ्या करते आहे. म्हणजे काम वाढलं, वाटा वाढला. हा ग्रंथ काही प्रत्यक्ष मोजमापाची नोंद नाही. घर कसं असावं याचा आदर्श त्यात काढला आहे. त्याच चित्रांत हट्टी मुलाला मिरचीच्या धुरीवर धरण्याची शिक्षासुद्धा आहे, तेव्हा जुना काळ फार गोड होता असं सांगायचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट नक्की. वाढत्या वयाचं मूल हे वेगळं मूल आहे, त्याचा वाटा वेगळा, हे त्या समाजाला दिसत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे चारशे-साडेचारशे वर्षांनी नेमकं हेच दिसेनासं होतं.

ही भाकरी म्हणजे तॉर्तिया. मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात रानटी गवतापासून माणसाने तो घडवला. पण नुसता मका खाऊन माणूस आजारी पडतो. त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजासहजी मिळत नाही. मेक्सिकोच्या बायकांनी यावर फार प्राचीन काळी उपाय शोधला. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, धुवायचा आणि मग वाटायचा. याने नायसिन मोकळं होतं आणि चुन्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. युरोपने मका नेला, पण ही कृती नेली नाही. परिणाम काय झाला? अठराव्या शतकापासून स्पेनमध्ये, इटलीत, आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडे पेलाग्रा नावाच्या रोगाने गरीब माणसं मेली. धान्य गेलं, ज्ञान मागे राहिलं.

मक्याबरोबर त्याच शेतात घेवड्याचे वेल आणि भोपळा. या मिश्र शेतीला मिल्पा म्हणतात. मक्यात जे प्रथिनांचे घटक कमी, ते घेवड्यात भरपूर. शिवाय बांधावरची हिरवी पानं, आपण ज्यांना रानभाज्या म्हणतो त्या. आणि राजगिरा! एकादशीला आपण राजगिऱ्याचा लाडू खातो, तो राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत आजही लाह्या गोड पाकात घालून त्याची चिक्कीसारखी वडी करतात. तिचं नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या पवित्र भोजनाची विटंबना दिसली. राजगिरा मागे पडला. एका धर्माने ज्याला संशयाने पाहिलं, ते धान्य दुसऱ्या धर्माच्या उपासाला चाललं. इतिहास असा असतो.

वसाहतीच्या तीनशे वर्षांत अन्नाची उतरंड पक्की झाली. गहू सत्ताधाऱ्यांचा, मका जितांचा. देवी आणि इतर साथींनी सोळाव्या शतकात मूळ लोकसंख्या अक्षरशः कोसळली, जमिनी गेल्या. १८२१ साली स्वातंत्र्य मिळालं, पण उतरंड तशीच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर तिला विज्ञानाचा पोशाख चढला. फ्रान्सिस्को बुल्नेस नावाचे एक राजकारणी लेखक होते. त्यांनी १८९९ च्या आपल्या पुस्तकात मानवजातीचे तीन वर्ग केले: गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे. प्रगती फक्त गहू खाणारे करतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे आदिवासी शेतमजूर गरीब का? तर तो मका खातो म्हणून. त्याची जमीन कुणी घेतली, हा प्रश्नच उरला नाही. तांदूळ खाणाऱ्यांची वासलातही त्यांनी जाता जाता लावलीच होती. कोकणातल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

हे खोटं आहे, हे पुढे दोन बाजूंनी दिसलं.

पहिली बाजू उंचीची. मोरामाय लोपेस-आलोन्सो या इतिहासकार बाईंनी १८५० ते १९५० या शंभर वर्षांतल्या उंचीच्या नोंदी तपासल्या. शिपायांच्या भरतीचे कागद एकीकडे, पासपोर्ट काढणाऱ्यांचे कागद दुसरीकडे. भरती होणारे बहुधा गरीब, पासपोर्टवाले सुखवस्तू. पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ राजवटीत रेल्वे आली, खाणी आल्या, परदेशी भांडवल आलं. देश पुढे गेला असं सगळे म्हणत होते. पण शिपायांची उंची त्या काळात वाढली नाही, उलट घटली. पासपोर्टवाल्यांची वाढत गेली. दोघेही एकाच देशाचे. उंची ही बऱ्याच अंशी लहानपणी आणि वाढीच्या वयात मिळालेल्या अन्नाची, झालेल्या आजारांची आणि केलेल्या कष्टांची बेरीज असते. देशाच्या उत्पन्नाचे आकडे जे लपवतात, ते हाडं सांगून टाकतात.

दुसरी बाजू आहाराची. १९४० च्या दशकात मेस्कितालच्या कोरड्या खोऱ्यातल्या ओतोमी आदिवासींच्या खाण्याचा अभ्यास झाला. अत्यंत गरीब लोक, दूध-मांस जवळजवळ नाही. संशोधकांना वाटलं होतं, कुपोषणाचा कहर दिसेल. पण तॉर्तिया, घेवडा, मिरची, डझनावारी रानभाज्या आणि घायपाताच्या रसाची आंबवलेली पुल्के, एवढ्यावर त्यांचा आहार अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगला निघाला. हा अभ्यास १९४६ साली प्रसिद्ध झाला. गरिबी चांगली, असा याचा अर्थ नव्हे. कमी पडत होतं ते जमीन, पाणी, औषध. मक्याचा दोष नव्हता.

पण तोवर पन्नास वर्षं शाळेत, दवाखान्यात, वर्तमानपत्रात एकच शिकवण चालू होती: तुमचं खाणं हलकं आहे. ज्याला आपल्या ताटाची लाज वाटायला शिकवलं, त्याला नवीन काहीही विकणं सोपं जातं.

आता विसाव्या शतकाच्या मध्याकडे येऊ. १९१० च्या क्रांतीनंतर जमिनीचं वाटप झालं; लासारो कार्देनास यांच्या १९३४ ते १९४० या कारकिर्दीत ते सर्वांत मोठं. १९४३ साली दोन घटना घडल्या. रॉकफेलर फाउंडेशनचा शेती कार्यक्रम मेक्सिकोत सुरू झाला, ज्यात पुढच्या वर्षी नॉर्मन बोरलॉग दाखल झाले. आणि मेक्सिको शहरात मुलांचं मोठं रुग्णालय उघडलं, ज्याचे संस्थापक होते डॉ. फेदेरिको गोमेस. या दोन्ही घटना आपल्या घरापर्यंत आल्या आहेत. बोरलॉग यांच्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं १९६६ साली मेक्सिकोतून भारतात आलं; 'लेर्मा रोहो' आणि 'सोनोरा ६४' ही नावं जुन्या शेतकऱ्यांना आठवत असतील. आणि डॉ. गोमेस यांनी वयाच्या मानाने वजन किती कमी यावरून कुपोषणाच्या तीन श्रेणी केल्या. आपल्याकडे १९७२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच धर्तीवर चार श्रेणी केल्या, आणि त्या अंगणवाडीच्या तक्त्यात आल्या. मेळघाटाच्या बातम्यांत आपण 'तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची बालकं' असं वर्षानुवर्षं वाचत आलो, त्या शब्दाचं मूळ हे असं मेक्सिकोत आहे.

डॉ. गोमेस यांचं काम मोलाचं होतं. कोणतं मूल मरणाच्या दारात आहे हे त्यातून कळे. पण मोजपट्टी जे मोजायला बनवली असेल तेच मोजते. समजा, एक मूल लहानपणी उपाशी राहिलं आणि त्याची उंची खुंटली. पुढे दहा-बारा वर्षांचं होताना त्याला पाव, साखर, शीतपेय मिळू लागलं आणि ते जाड झालं. वयाच्या मानाने त्याचं वजन किती भरेल? अगदी ठीक भरेल. ठेंगणं अधिक जाड, बरोबर सामान्य! दोन दोष एकमेकांत वळते झाले आणि कागदावर मूल निरोगी ठरलं.

हे काल्पनिक नाही. मेक्सिकोत नेमकं हेच घडत गेलं आणि बराच काळ मोजलं गेलं नाही. १९८८ साली पहिली राष्ट्रीय पोषण पाहणी झाली. तिच्यात पाच वर्षांखालची मुलं आणि प्रजननवयातल्या स्त्रिया. १९९९ च्या पाहणीत पाच ते अकरा वर्षांची शाळकरी मुलंही आली. बारा वर्षांची मुलगी मोजली गेली, पण संभाव्य आई म्हणून. बारा वर्षांचा मुलगा या पोषण पाहण्यांत कुठेच नाही. किशोरवयीन मुलं-मुली म्हणून स्वतंत्र गट आरोग्य आणि पोषणाच्या राष्ट्रीय पाहणीत आला तो २००६ साली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते एकोणीस वयाचे वाढीचे तक्ते काढले, तेसुद्धा २००७ साली. कोडेक्समध्ये ज्याला दोन भाकऱ्या मिळत होत्या, तो मुलगा आधुनिक राज्याच्या वहीत इतक्या उशिरा आला.

याला कारण होतं, आणि ते वाईट नव्हतं. गर्भापासून पहिल्या दोन वर्षांत जे नुकसान होतं ते नंतर क्वचितच भरून येतं. तेव्हा पैसा थोडा असेल तर तिथेच घालावा, हे शास्त्र सांगतं. त्या कामाला यशही आलं. पाच वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण १९८८ मध्ये जवळजवळ २७ टक्के होतं, ते २०१२ पर्यंत १४ टक्क्यांच्या आत आलं. आदिवासी मुलांत मात्र ते तेव्हाही सुमारे ३३ टक्के होतं. सरासरी खाली आली. ज्यांच्या आजोबांची उंची भरतीच्या कागदात घटत होती, त्यांची नातवंडं अजून तिथेच उभी होती.

मग किशोरवयीनांचं काय दिसलं? बारा ते एकोणीस वयात जादा वजन आणि लठ्ठपणा मिळून २००६ साली ३३ टक्के, २०१२ साली ३५ टक्के, २०१८ साली ३८ टक्के. म्हणजे दर पाच मुलांत जवळजवळ दोन. यात सामाजिक पार्श्वभूमी कशी दिसते ते नीट बघा. खुजेपण दक्षिणेकडच्या राज्यांत, खेड्यांत, आदिवासी आणि गरीब घरांत जास्त. जादा वजन सुरुवातीला शहरांत आणि बऱ्या घरांत जास्त. वरवर पाहता दोन वेगळे देश. पण हळूहळू दुसरी लाट पहिल्या देशात शिरली. युकातानमधल्या मेरिदा शहरातल्या माया कुटुंबांच्या अभ्यासांत एकाच घरात ठेंगणी, स्थूल आई आणि ठेंगणं मूल, आणि कधी कधी एकाच शरीरात दोन्ही गोष्टी आढळल्या. काल भूक आणि आज साखर, असा त्याचा हिशेब आहे.

इथे कुणी म्हणेल, माया लोक वंशानेच ठेंगणे. शेजारच्या ग्वाटेमालातली माया कुटुंबं अमेरिकेत स्थायिक झाली, तेव्हा तिथे वाढलेली मुलं मायदेशातल्या मुलांपेक्षा सरासरी दहा सेंटीमीटरहून अधिक उंच निघाली. एका पिढीत वंश बदलत नाही. परिस्थिती बदलते. आणि हेही सांगायला हवं, की त्या उंच मुलांत जाड मुलांचं प्रमाणही फार मोठं होतं.

हे झालं कसं? १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला. त्याच दिवशी चियापासमध्ये झापातिस्तांचं बंड झालं. आदिवासी शेतकऱ्याला पुढे काय येणार ते दिसत होतं. अमेरिकेतला अनुदानित मका आला, खाद्यउद्योगात परदेशी गुंतवणूक आली. शेतमालाची खरेदी करणारी, स्वस्त धान्य पुरवणारी सरकारी संस्था 'कोनासुपो' १९९९ साली बंद झाली, तॉर्तियावरचं अनुदानही संपलं. २००७ च्या जानेवारीत तॉर्तियाचे भाव इतके भडकले की लोक रस्त्यावर आले. ज्याची मिल्पा सुटली तो मजुरीला शहरात किंवा सीमेपलीकडे गेला. खेड्यात पैसा आला, पण रानभाजी खुडायला आणि मका वाटायला माणूस घरी राहिला नाही. आणि नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, अशा गावात शीतपेयाची बाटली मात्र हमखास मिळते.

शाळेचंही पाहा. मेक्सिकोतल्या बहुतेक शाळा अर्ध्या दिवसाच्या पाळीत भरतात. तेरा वर्षांचं मूल सुट्टीत शाळेच्या दुकानातून किंवा फाटकाबाहेरच्या गाडीवरून काहीतरी विकत घेतं. १९९७ साली सुरू झालेली 'प्रोग्रेसा' योजना जगभर गाजली. गरीब आईच्या हातात पैसे, अट अशी की मुलांना शाळेत आणि दवाखान्यात न्यायचं. मुलींना माध्यमिक शाळेत थोडी जास्त शिष्यवृत्ती. मुली शाळेत टिकल्या, ही मोठी गोष्ट झाली. पण त्या योजनेतला पोषक आहार तान्ह्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना, किशोरवयीनांना शिष्यवृत्ती. म्हणजे राज्य त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन आलं, आणि फाटकावर त्यांची वाट कोण पाहत होतं?

आता जबाबदारीच्या प्रश्नाकडे वळू. बुल्नेस म्हणाले, दोष धान्याचा. आज तसं कुणी म्हणत नाही. आज म्हणतात, दोष निवडीचा. मुलाने फळ निवडावं, त्याने बाटली निवडली. शब्द सभ्य झाला, पण युक्तिवादाचा सांगाडा तोच आहे. खाणाऱ्याकडे बोट दाखवलं की वाढणाऱ्याकडे बघावं लागत नाही. निवड म्हणायला निदान दोन गोष्टी समोर हव्यात, दोन्ही परवडायला हव्यात. पिण्याचं पाणी नाही तिथे शीतपेय 'निवडलं' म्हणणं हा भाषेचा गैरवापर आहे.

उलट बाजूचा आक्षेपही गंभीर आहे. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी सुमारे सहा टक्क्यांनी घटली, आणि गरीब घरांत जास्त घटली. २०२० साली पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे आले. त्याच वर्षी ओआहाका राज्याने अठरा वर्षांखालच्यांना असे पदार्थ विकायला बंदी केली, आणि मार्च २०२५ पासून देशभरच्या शाळांत त्यांची विक्री बंद झाली. मग प्रश्न येतो: राज्याने लोकांच्या तोंडातला घास ठरवावा का? जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथाचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. माणसाच्या स्वतःच्या हितासाठीसुद्धा त्याच्यावर सक्ती करू नये. पण मिल यांनीच तिथे स्पष्ट केलं आहे, की हे तत्त्व प्रौढांसाठी आहे, मुलांसाठी नाही. अडचण अशी, की किशोर हा दोन्हींच्या मधला. त्याला मूल समजून सगळं हिसकावलं तर तो चोरून खाईल. त्याला प्रौढ समजून 'तुझं तू बघ' म्हटलं, तर जाहिरात करणाऱ्या प्रचंड यंत्रणेसमोर त्याला एकट्याला उभं केल्यासारखं होईल.

मला वाटतं, बंदी आणि कर योग्य आहेत, पण ते अर्धंच काम आहे. 'हे खाऊ नको' म्हणण्याचा अधिकार त्यालाच, जो 'हे घे' म्हणून ताट पुढे करतो. शाळेत पिण्याचं स्वच्छ पाणी, शाळेत शिजलेलं जेवण, मिल्पा टिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव, या गोष्टींशिवाय नुसती बंदी म्हणजे मिरचीची धुरी. आणि यात निकड आहे. आजची चौदा वर्षांची ठेंगणी, स्थूल, पोषणाने दुबळी मुलगी काही वर्षांनी आई होईल, आणि जिथे सगळा पैसा घालायचा असं शास्त्र सांगतं ते पहिलं दिवस-वर्ष तिच्याच पोटात सुरू होईल. किशोरवय वगळून बालपण वाचवता येत नाही. साखळीची मधली कडी सोडून दोन टोकं धरण्यासारखं आहे ते.

पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला माहीत होतं की तेराव्या वर्षी वाटा वाढतो. तो वाटा कुणी वाढायचा, याबद्दलही त्याच्या मनात शंका नव्हती. आईबाप त्याच चित्रात शेजारी बसले आहेत. आज त्या जागी आईबापांबरोबर शाळा आहे, बाजार आहे, राज्य आहे. तेव्हा मेक्सिकोतलं असो की आणखी कुठलं, एखादं जाड मूल पाहून 'काय हा खातो' असं मनात आलं, तर 'याला कुणी काय वाढलं' हा प्रश्न आधी विचारावा, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.